बालवाडीतील यंत्रमानव



पत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून आमच्या युनियनमधल्या काही मंडळींनी मला विचारले की, मजुरीचे दर, बोनस आणि पाळ्या यांवर बोलणारा तू. लहान मुलांच्या यंत्रमानवांशी तुला काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर शब्दाच्या पोटातच आहे. आपण ज्याला यंत्रमानव म्हणतो त्याला सारे जग रोबो म्हणते. हा शब्द कुठल्या कारखान्यात जन्मला नाही, तो नाटकात जन्मला. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचे नाटक लिहिले. त्यातल्या कृत्रिम मजुरांना काय म्हणावे हे त्याला सुचेना, तेव्हा त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने, हा शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर रयतेने फुकट उपसायचे कष्ट. म्हणजे रोबो हा वेठबिगार झाला. नाटकात हे वेठबिगार पुढे बंड करतात, हे वेगळे सांगायला नकोच. ज्या वस्तूचे नावच वेठबिगार, तिच्याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार कामगार चळवळीतल्या माणसाला पोहोचतो, असे मी धरून चालतो. उरलेले अर्धे उत्तर ओघात येईल.

मी बोलणार आहे ते चार ते आठ वर्षांच्या मुलांविषयी. या वयाच्या मुलांना यंत्राला सूचना द्यायला शिकवावे काय, आणि शिकवायचे तर कशासाठी?

प्रथम बाजाराची गोष्ट संपवून टाकतो. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि घरोघरी मोबाईलवर जाहिराती येऊ लागल्या. सहा वर्षांच्या मुलाने ॲप लिहिले आहे, त्याच्या दारात भांडवल गुंतवणारे शेटजी आपसांत भांडत आहेत, आणि तुमचा मुलगा मात्र मागे राहिला आहे! काही जाहिराती पुढे मागे घ्याव्या लागल्या. पण आईबापांच्या मनात बसलेली भीती कोणी मागे घेतली नाही. मला ही घाईची भाषा ओळखीची वाटते. आपल्या देशात १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. नऊ तासांवर 'आणले', तेव्हा त्याआधी काय चालत असेल याचा अंदाज करा. सहा वर्षांच्या पोराला बाजारासाठी तयार करणारा माणूस त्याच्या हातात बॉबिन देतो की संगणक देतो, याने मला फरक पडत नाही. पण बाजाराच्या रागाने मूळ विद्याच टाकून देणे हे शहाणपण नव्हे. भेसळवाल्याच्या रागाने कोणी दूध पिणे सोडत नाही.

मूळ विद्या कशी असते ते एका खेळण्यावरून सांगतो. इंग्लंडातल्या बालशाळांतून बी-बॉट नावाची एक मधमाशी वापरतात. पिवळी, पाठीवर काळे पट्टे, आणि त्यावर बटणे: पुढे, मागे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, जरा थांब, पूस, आणि मधोमध 'जा'. 'पुढे' एकदा दाबले की ती पंधरा सेंटीमीटर सरकते. 'वळ' म्हटले की जागच्या जागी काटकोनात वळते. गंमत अशी की बटण दाबल्याबरोबर ती हलत नाही. सगळ्या सूचना मनात साठवते आणि 'जा' म्हटल्यावर ओळीने पार पाडते. म्हणजे मुलाला आधी विचार करावा लागतो, मग हुकूम द्यावा लागतो, आणि मग हात मागे घेऊन बघत बसावे लागते. हात मागे घेणे हे चार वर्षांच्या मुलाला किती कठीण, हे आईला विचारा. मोठ्या साहेबांनाही ते जमत नाही म्हणा!

मुलाच्या दोन अडचणी ठरलेल्या असतात. पहिली, 'पूस' दाबायला विसरण्याची. मग मधमाशी आधीच्या सगळ्या सूचना पुन्हा पाळते आणि नव्या त्यांच्या शेपटाला जोडते. पोर म्हणते, माशी बिघडली. माशी बिघडलेली नसते; तिला जुने सांगणे अजून आठवते आहे. दुसरी अडचण डाव्या-उजव्याची. माशी मुलाकडे तोंड करून उभी असली की तिचे डावे ते मुलाचे उजवे. मूल आपल्या डावीकडे हात करून 'डावीकडे' दाबते आणि माशी भलतीकडे जाते. दोनचार वेळा असे झाले की मूल आपण होऊन उठते, माशीच्या मागे जाऊन तिच्या तोंडाच्या दिशेने उभे राहते आणि मग बटण दाबते. हे उठून दुसऱ्याच्या जागी उभे राहणे मला फार मोलाचे वाटते. वाटाघाटीच्या टेबलावर मी अनेक वर्षे बसलो आहे. समोरच्याचे डावे ते आपले उजवे, एवढी गोष्ट न कळल्यामुळे लांबलेले संप मी पाहिले आहेत.

ही कल्पना आजची नाही. ब्रिस्टल शहरात ग्रे वॉल्टर नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने १९४८-४९ च्या सुमारास दोन यांत्रिक कासवे केली, एल्मर आणि एल्सी. ती उजेडाकडे जात, अडथळा आला की बाजूला होत. पुढे अमेरिकेत याच नावाचा वारसा घेऊन मुलांसाठीचे कासव आले. त्याच्यामागे जो मुख्य माणूस होता त्याचे नाव सीमूर पॅपर्ट. जन्म १९२८ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा, तरुणपणी वर्णद्वेषाविरुद्धच्या चळवळीत पडलेला, गणितज्ञ. १९५८ ते १९६३ तो जिनिव्हाला झाँ पियाजे यांच्याजवळ होता. मुलाच्या डोक्यात ज्ञान बाहेरून ओतता येत नाही, मूल ते स्वतः रचते, हा पियाजे यांचा सिद्धान्त. १९६७ साली वॉली फोयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि पॅपर्ट यांनी मिळून मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली. संगणक तेव्हा खोलीएवढे असत. त्याला तारेने जोडलेले, घुमटासारखे एक कासव जमिनीवर फिरे आणि त्याच्या पोटाशी लावलेले पेन कागदावर रेघ ओढी.

या पॅपर्टने १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक लिहिले. त्याच्या आरंभी त्याने सांगितले आहे की, अगदी लहानपणी त्याला मोटारीच्या दात्यांच्या चाकांचा, विशेषतः डिफरन्शियलचा, नाद होता आणि पुढे शाळेतली समीकरणे तो ही चाके डोक्यात फिरवून सोडवी. डिफरन्शियल म्हणजे काय हे या सभेतल्या रिक्षावाल्यांना सांगायला नको. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. दोन्ही एकाच आसावर घट्ट असती तर टायर घासला असता. म्हणून दोघांना वेगवेगळे फिरू देऊन जोर मात्र दोघांना पोहोचवणारी ती दात्यांची पेटी. आपल्याकडे ही पेटी उघडलेली, ग्रीसने माखलेली, फूटपाथवर पडलेली असते आणि मेकॅनिकचे पोर तिच्याशी खेळत असते. त्या पोराला शाळेत गणितात नापास करतात. पॅपर्टचे पुस्तक वाचताना मला राहून राहून त्या पोराची आठवण होत होती.

कासवाने मुले काय शिकतात? चौकोन काढायचा आहे. शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, असे चारदा. जमले. आता त्रिकोण काढू. मुलाने ऐकलेले असते की सारख्या बाजूंच्या त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा. म्हणून ते साठ सांगते. कासव तीनदा वळते, पण त्रिकोण मिटतच नाही; षट्कोनाचा अर्धा भाग काढून ते थांबते. मग शिक्षिका उत्तर सांगत नाही. ती म्हणते, तू कासव हो आणि चाल. मूल जमिनीवर चालते आणि त्याच्या ध्यानात येते की, कोपऱ्यावर आपण साठ अंश वळत नाही, तर एकशेवीस वळतो; कारण वळायचे असते ते बाहेरच्या बाजूने. चौकोन असो, त्रिकोण असो, पुरा फेरा घालून पहिल्या तोंडावर यायचे तर एकूण तीनशेसाठ अंश फिरावे लागते. एक पाऊल पुढे, एक अंश उजवीकडे, असे तीनशेसाठ वेळा केले की वर्तुळासारखी आकृती मिळते. ही भूमिती मूल पायांनी शिकते.

यातली चुकीची जागा पाहा. शाळेत चूक म्हणजे वहीवर तांबडी फुली. इथे चूक म्हणजे पुढच्या कामाचा माग. सूचना कुठे घसरली, ते एकेक पायरी तपासून शोधायचे. गिरणीतल्या फिटरला हे सांगा, तो हसेल. माग बंद पडला तर तो मागाला शिव्या देत नाही. कुठला धागा, कुठला कॅम, कुठली खीळ, असे ओळीने बघत जातो. फॉल्ट काढणे ही विद्या आहे आणि ती कामगारांनी पिढ्यान्पिढ्या जपली आहे. आता तीच संगणकाच्या शाळेत मोठ्या नावाने शिकवतात, एवढेच.

मागाचा विषय निघालाच आहे. सोलापूरच्या चादरीवरची नक्षी तुम्ही सर्वांनी पांघरली आहे. ती जकार्डवर निघते. ल्योंच्या जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. त्याआधी नक्षीचे कापड विणताना उभे धागे उचलायला मागाशी एक मुलगा ठेवलेला असे. दिवसभर दोऱ्या ओढणे हेच त्याचे काम. जाकारने त्या मुलाच्या जागी पुठ्ठ्याची कार्डे आणली. कार्डाला जिथे भोक तिथे सुई आत जाते आणि तिचा आकडा धागा उचलतो. भोक नाही तिथे धागा खालीच राहतो. एका आडव्या धाग्याला एक कार्ड, अशी कार्डांची माळ. जाकारचे स्वतःचे एक रेशमी चित्र विणले गेले त्याला सुमारे चोवीस हजार कार्डे लागली, आणि ते चित्र इंग्लंडातल्या चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने मिळवून घरात लावले होते. संगणकाचा आजोबा म्हणतात तो हा बॅबेज. आपल्या हिशेबाच्या यंत्राला सूचना देण्यासाठी त्याने हीच भोकांची कार्डे योजली. चौकटींच्या कागदावर नक्षी उतरवून, चौकटीमागून चौकट मोजत कार्डाला भोके पाडणारा सोलापूरचा कारागीर प्रोग्रामिंग करीत होता. त्याला तसे कोणी म्हटले नाही आणि त्याचा पगारही त्या नावाने कोणी दिला नाही.

आणि आता एक विलक्षण योगायोग ऐका. १९७४ ते १९७६ या काळात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रेडिया पर्लमन नावाच्या तरुणीने विचार केला की, वाचता न येणाऱ्या साडेतीनचार वर्षांच्या मुलांनाही कासव चालवता आले पाहिजे. टंकयंत्राच्या कळा त्यांना जमणार नाहीत. तिने आधी बटणांची पेटी केली आणि मग खाचांची एक पेटी. खाचांत चित्रांची कार्डे ओळीने खोचायची. कळ दाबली की कासव एकेक कार्ड पाळत जाई आणि चालू कार्डापाशी दिवा लागे. एका रंगाच्या ओळीत दुसऱ्या रंगाच्या ओळीला हाक मारण्याचेही कार्ड होते. ल्योंमध्ये मुलाला मागावरून उठवून कार्डे आली होती, इथे ती कार्डे मुलाच्या हातात आली. मधे पावणेदोनशे वर्षे गेली.

या बाईंनी हे काम पुढे सोडले. नंतर त्यांनी संगणकांच्या जाळ्यात निरोप फिरत राहून कोंडी होऊ नये याची जी रीत १९८५ साली शोधली, तिच्यामुळे त्या जगभर नावाजल्या. पण मुलांचे काम का सोडले याचे कारण त्यांनीच सांगून ठेवले आहे: तिथे त्या एकट्याच बाई होत्या, आणि गोजिरवाण्या पोरांबरोबर काम करणारीला शास्त्रज्ञ म्हणून कोण गंभीरपणे घेणार, असा त्यांना संकोच वाटला. लहान मुलांना शिकवणे हे हलके काम, बायकांचे काम, ही समजूत एमआयटीतही होती. आपल्या अंगणवाडीच्या सेविकेला आपण पगार देत नाही, 'मानधन' देतो, त्याच्या मुळाशी हीच समजूत आहे. चार वर्षांच्या मुलाला कासव चालवायला शिकवायचे असेल तर त्याच्याजवळ बसायला माणूस लागतो. तो माणूस नोंदवह्या आणि मोबाईलवरची माहिती भरण्यात दुपार घालवीत असेल, तर खेळणे कपाटात राहील. हा मुद्दा मी युनियनचा म्हणून घुसडतो आहे असे कोणाला वाटेल. तसे नाही. १९८४ साली न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांची परीक्षा घेतली. कामाची आखणी करण्यात ती मुले इतरांहून सरस ठरली नाहीत. यंत्रापाशी मुलांना नुसते सोडून दिले की बुद्धी आपोआप वाढते, ही आशा तिथे फोल ठरली. शेजारी बसून 'असे का झाले?' विचारणारी बाई असेल तरच या खेळण्याला अर्थ आहे.

खर्चाचे काय? सरकारने २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब काढल्या आहेत. एका शाळेला पाच वर्षांत वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. दहा हजार प्रयोगशाळा झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. चांगली गोष्ट आहे. पण त्या सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही संगणकाला सूचना देण्याचे उपक्रम येतात ते माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून. इंग्लंडात २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलापासून हा विषय अभ्यासक्रमात आहे. आपल्याकडे पाच वर्षांच्या मुलाचे शिकणे आईबापांच्या खिशावर सोडले आहे. ज्याच्या खिशात आहे त्याचे मूल रोबो चालवते.

इथे मला ताराबाई मोडकांची आठवण होते. माँटेसरीची साधने सुरेख होती, पण महाग. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला नेले, आणि अनुताई वाघांच्या सोबतीने शंखशिंपले, बिया, पाने, माती यांतून साधने उभी केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. तत्त्व परदेशातले, सामान गावातले. यंत्रमानवाच्या बाबतीत हे होऊ शकते असे माझे मत आहे, आणि थोडे करूनही पाहिले आहे.

खडूने जमिनीवर सहा-सहाच्या चौकटी आखा. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर बाण काढा. एक मूल रोबो, दुसरे हुकूम देणारे. चौकटीत कुठे बादली ठेवा, कुठे वीट. हुकूम देणाऱ्याने आधी सगळे पत्ते ओळीने मांडायचे आणि मग तोंड बंद ठेवायचे. रोबोने पत्त्याप्रमाणेच चालायचे. स्वतःचे डोके वापरायचे नाही. हा नियम मुलांना फार आवडतो, आणि फार छळतोही. वीट समोर दिसत असताना पत्ता 'पुढे' म्हणतो. रोबो झालेले पोर विटेला पाय टेकून उभे राहते आणि हुकूम देणाऱ्याकडे रागाने बघते. मग जागा बदलतात. बाणांना भाषा लागत नाही, हा आणखी एक फायदा. आमच्याकडे घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि आजोळी कन्नड अशी पोरे असतात. बाण सगळ्यांना सारखाच कळतो.

हे झाले सूचनांचे. बांधकामासाठी अरविंद गुप्तांनी १९७८ साली काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून जे सांगाडे करून दाखवले, त्याहून स्वस्त आणि चांगले मला काही ठाऊक नाही. चार काड्यांचा चौकोन दाबला की लवंडतो. त्रिकोण लवंडत नाही. हे हाताला कळले की पुलाखालून जाताना मूल मान वर करून लोखंडी कैच्या बघू लागते. पुढे जमेल तेव्हा एखादी मोटर, एखादा दिवा जोडावा. विकतची मधमाशी मिळाली तर जरूर घ्यावी. एक माशी चार बालवाड्यांत आठवड्याच्या पाळीने फिरू शकते.

आता पहिल्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर. आमच्या वस्तीतली कितीतरी तरुण मुले आता मोटारसायकलवर सामान पोचवतात. त्यांच्या हँडलला मोबाईल लावलेला असतो आणि त्यावर बाण येतात: पुढे, डावीकडे, उजवीकडे. उशीर झाला तर पैसे कापले जातात. किती कापले आणि कोणत्या हिशेबाने, हे विचारायला समोर मुकादम नसतो. पूर्वी दराचा कागद खात्यात भिंतीवर लागे. तो चुकीचा असला तर त्याच्यापुढे उभे राहून भांडता येई. आता दर प्रोग्रामच्या आत आहे. तो प्रोग्राम माणसांनीच लिहिलेला आहे, त्यात बाण कोणी ठेवले, वीट कोणी ठेवली, हे ठरलेले आहे. पण आमचा पोरगा म्हणतो, 'ॲपच तसे आहे, काका.' जणू काही पाऊसच पडतो आहे. १८११ साली नॉटिंगहॅमच्या विणकरांनी यंत्रे फोडली आणि दुसऱ्या वर्षी पार्लमेंटने यंत्र फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. कवी बायरन लॉर्डांच्या सभेत त्या कायद्याविरुद्ध बोलला होता. आज फोडायला समोर यंत्रही नाही. कराराच्या वेळी आम्हाला प्रोग्राम वाचणारा माणूस आमच्या बाजूला बसलेला हवा आहे, आणि तो आमच्याच वस्तीतून यावा अशी माझी इच्छा आहे. पाच वर्षांचे सगळे पोर तसे होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण जे मूल एकदा हुकूम देणारे आणि एकदा रोबो झाले आहे, ते मोठेपणी 'ॲपच तसे आहे' असे सहजी म्हणणार नाही, असा माझा अंदाज आहे. अंदाजच म्हणतो, वीस वर्षांनी कळेल.

पुठ्ठ्याच्या पत्त्यांचे बारा संच आमच्या कार्यकर्त्यांनी कापून आणले आहेत. ते दाराशी टेबलावर आहेत, बरोबर खडूही आहे. बालवाडी आणि अंगणवाडी चालवणाऱ्या ज्या भगिनी आल्या असतील त्यांनी जाताना एकेक संच न्यावा. काही अडले तर रविवारी सकाळी युनियनच्या कचेरीत यावे, मी तिथे असतो.